नाथांचा विंचू आणि कौलांतला विंचू

आमच्याकडे मृग लागायच्या आत घरं शाकारतात. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, रिपा झाडायच्या आणि पुन्हा ओळीने कौलं चढवायची. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात मे महिन्याच्या शेवटी कुठल्याही वाडीत गेलात तरी हेच काम चाललेलं दिसायचं. १९७३ साली आमच्या घराची शाकारणी निघाली होती. आबा छपरावर, आम्ही पोरं खाली. ते एकेक कौल हातात देणार, आम्ही ते ओटीच्या कडेला रचणार. मी बारा वर्षांची होते, धाकटा भाऊ नऊ वर्षांचा. दिवस कलला होता. त्याने एक कौल धरलं आणि एकदम सोडून दिलं. फुटलेल्या कौलाच्या पोटाशी बोटाएवढा, विटकरी रंगाचा विंचू होता.

भगत शेजारच्या वाडीतला. तो आला, त्याने भावाच्या हाताला अंगारा चोळला, निरगुडीची डहाळी खांद्यापासून बोटापर्यंत फिरवली, मंत्र म्हटला आणि विचारलं, "कळ कुठवर आली?"

"कोपरापर्यंत," भाऊ म्हणाला.

पुन्हा डहाळी फिरली. "आता?"

"बोटात."

"उतरला विंचू," भगत म्हणाला आणि सगळ्यांनी सुस्कारा सोडला.

आईने भावाला पेज पाजली. घटकाभरातच ती उलटून पडली. मग रात्रभर उलट्या होत राहिल्या. घाम एवढा, की तो पुसून आईचा पदर पिळायची वेळ आली. हातपाय मात्र ओढ्यातल्या दगडासारखे गार. पहाटे त्याला आडवं होववेना. छाती घरघरू लागली, तोंडाला गुलाबी फेस आला. महाडला न्यायला डोली बांधून होईपर्यंत तो गेला होता.

पुढे मी पस्तीस वर्षं हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. संध्याकाळी हरिपाठ म्हटल्याशिवाय मी जेवत नाही, आणि आषाढीला अंगात बळ होतं तोवर दर तीन-चार वर्षांनी आळंदीहून पायी पंढरपूरला गेले. "बाई, हे दोन्ही तुम्हाला जमतं कसं?" असं मला विद्यार्थ्यांनी विचारलं, सहकाऱ्यांनी विचारलं, दिंडीतल्या माणसांनीही विचारलं. दर वेळी मला ती संध्याकाळ आठवते, कारण माझं उत्तर तिथूनच सुरू होतं.

त्या रात्री भावाच्या अंगात काय चाललं होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. कोकणातल्या लाल विंचवाचं विष शरीराच्या मज्जातंतूंना चेतवतं आणि अॅड्रेनालिनसारखी रसायनं रक्तात एकदम उसळतात. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो. आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं आणि शेवटी फुप्फुसांत पाणी भरतं. गुलाबी फेस म्हणजे ते पाणी. घाम आणि गार हातपाय ही त्या उसळीची खूण. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ज्याच्या सगळ्या अंगात विष भिनतं, त्याची चावल्या जागची कळ पुष्कळदा कमी असते. ज्याला नुसतीच भयंकर कळ लागते, तो बहुधा सुखरूप असतो. भगत कळ उतरण्याकडे बघत होता. कळ उतरली आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो.

१९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली लेकरं-माणसं त्यांच्या डोळ्यांदेखत जात होती. ते रुग्णांच्या उशाशी बसून राहिले, नाडी, रक्तदाब, हृदयाचे आलेख यांच्या नोंदी करत गेले. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन नावाचं औषध तेव्हा रक्तदाबासाठी वापरात होतं. ते त्यांनी विंचूदंशावर वापरून पाहिलं. १९८० च्या दशकात 'लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं काम छापून आलं. पूर्वी गंभीर दंशाच्या शंभरातले तीसेक रुग्ण दगावत. प्राझोसिन सर्रास मिळू लागल्यावर हे प्रमाण एक-दोनावर आलं. मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. आपल्याच औषधाच्या यशावर ते थांबले नाहीत. विंचवावरचं प्रतिविष सोबत दिलं तर रुग्ण अधिक लवकर बरा होतो का, हे त्यांनी महाडमध्येच ७० रुग्णांवर रीतसर तपासलं. होतो, असं आढळलं, आणि २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ते प्रसिद्ध केलं.

मग भगताच्या मंत्रावर पिढ्यान्‌पिढ्या लोकांचा विश्वास बसला कसा? याचं उत्तर मला आबांच्या वहीत सापडलं.

आबा चौथी शिकलेले. वारीच्या खर्चाची त्यांची एक जाड पुठ्ठ्याची वही होती. पुढच्या पानांवर एसटीचं भाडं, दिंडीची भिशी, बुक्का, चुरमुरे. भाऊ गेल्यानंतर त्यांनी तीच वही उलटी करून मागच्या पानापासून लिहायला सुरुवात केली. आसपासच्या वाड्यांत कुणाला विंचू चावला, तो काळा की लाल, भगताने उतरवला की नाही, आणि पुढे माणसाचं काय झालं. शाईच्या पेनाने, वाकड्या अक्षरात. काळ्या विंचवाच्या पुढे सगळीकडे 'बरा' किंवा 'बरी'. लाल विंचवाच्या पुढे दोन ठिकाणी फुली. भगत आला तरी न आला तरी काळा विंचू चावलेली माणसं बरी होत होती. काळा विंचू दिसायला अक्राळविक्राळ, त्याची कळ जीवघेणी वाटते, पण त्याने सहसा जीव जात नाही. त्याचं श्रेय मंत्राला मिळत होतं. गेलेल्यांचं मात्र म्हणायचं, त्याचं आयुष्यच तेवढं होतं.

"लोक वाचलेले मोजतात, गेलेले मोजत नाहीत," आबा मला म्हणाले होते. संख्याशास्त्राचं पुस्तक त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. त्यानंतर आमच्या वाडीत कुणाला विंचू चावला की आबा आधी गाडीची सोय बघायचे. भगताशी त्यांनी भांडण केलं नाही. त्यालाही बसायला घोंगडी द्यायचे आणि सांगायचे, "तू गाडीत बसून मंत्र म्हण. गाडी बिरवाडीला जाणार."

आता भाऊ गेल्यानंतरच्या दहा दिवसांबद्दल सांगते.

रोज रात्री वाडीतली भजनी मंडळी आमच्या पडवीत येऊन बसायची. कुणी आईचं सांत्वन करायला जात नव्हतं. टाळ काढायचे, कंदील मोठा करायचे आणि गायला लागायचे. पहिल्या दोन रात्री आबा भिंतीला टेकून नुसते बसले होते. तिसऱ्या रात्री त्यांनी टाळ हातात घेतले. आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. पाण्याशिवाय तिने काही घेतलं नव्हतं. नवव्या रात्री भजन चालू असताना ती उठली, उंबऱ्याशी येऊन बसली, आणि भजन संपल्यावर मंडळींसाठी चहा टाकायला स्वतः चुलीपाशी गेली. त्या रात्री तिने भात खाल्ला.

प्राझोसिन असतं तर भाऊ बहुधा वाचला असता. आईला त्या पडवीतल्या भजनाने उठवलं. यातली पहिली गोष्ट मी पुढे वाचून जाणली, दुसरी डोळ्यांनी पाहिली. त्यातली एक खरी मानून दुसरी सोडून देणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

एकनाथांचं विंचवाचं भारूड आपल्याकडे घरोघर माहीत आहे. त्यातला विंचू म्हणजे काम आणि क्रोध, आणि त्याच्यावर उतारा सत्त्वगुणाचा. भाऊ गेल्यावर आबांना ते भारूड ऐकवत नसे. दिंडीत कुणी सुरू केलं की ते उठून बाहेर जायचे. १९८६ साली मी त्यांच्यासोबत पहिल्यांदा पायी वारीला गेले, तेव्हा मुक्कामावर एका भारूडकऱ्याने ते रंगवून म्हटलं. आबा शेवटपर्यंत बसले. रात्री राहुटीत मला म्हणाले, "नाथांचा विंचू वेगळा, पोरी. त्याला दवाखान्यात औषध नाही. आपल्या पोराला चावला तो वेगळा. त्याला नाथांकडे औषध नाही."

विज्ञान आणि श्रद्धा या विषयावर मी नंतर बरंच वाचलं. त्या दोन वाक्यांच्या पुढे मी फारशी गेले नाही. जगात काय आहे, कशाने काय घडतं, हे सांगणारा कुठलाही दावा असेल, तो पोथीतला असो, बुवाचा असो की प्रयोगशाळेतला, त्याला सारखीच परीक्षा. तिथे माझ्या देवालाही सवलत नाही. पण मुलगा गेलेल्या बाईने दुसऱ्या दिवशी कशासाठी उठायचं, हातून चूक झाली तर ती कुणापाशी कबूल करायची, मनातली चीड कुठे ठेवायची, हे प्रश्न वेगळे. तिथे मला विठ्ठल लागतो. तो आहे हे मी सिद्ध करू शकत नाही. वर्गात तसा दावा मी कधी केला नाही, आणि इथेही करत नाही.

२०१८ साली दहावीची पुस्तकं बदलली. विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. अवशेषांगं शिकवत होते. आपलं आंत्रपुच्छ, अक्कलदाढा, माकडहाड. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, तुमच्या गळ्यात माळ आहे. मग हे माकडाचं तुम्ही खरं मानता, की परीक्षेपुरतं शिकवता?"

वर्ग हसला. तिने मात्र मनापासून विचारलं होतं. मी तिला आधी सांगितलं, की आजची माकडं आपली आजी-आजोबा नाहीत; त्यांचे आणि आपले पूर्वज फार मागे कुठेतरी एक होते. मग सांगितलं, "मी हे खरं मानते. पुरावे बघून मानते. उद्या यापेक्षा चांगले पुरावे वेगळं काही सांगू लागले, तर माझं मत बदलेन. आणि माळ मी पुरावे बघून घातलेली नाही. ती मी आबांकडून, आणि नंतर माझ्या मनाने घेतली. ती काढायचाही हक्क मला आहे. बारा ते एकोणीस या वयात मी तिला हातसुद्धा लावला नव्हता."

दुसऱ्या दिवशी एक मुलगा घरून निरोप घेऊन आला, की दशावतार म्हणजेच उत्क्रांती. आधी मासा, मग कासव, मग वराह, मग नरसिंह. आपल्या पूर्वजांना डार्विनच्या आधीच सगळं माहीत होतं. असं म्हणणारी माणसं प्रेमाने म्हणतात, हे मला कळतं. पण त्यात दोघांवर अन्याय होतो. डार्विनने बीगल जहाजावरून आल्यानंतर वीसेक वर्षं कबुतरांपासून समुद्रातल्या बार्नॅकल नावाच्या कवचधारी जीवांपर्यंत जे तपासलं, ते एका वाक्यात पुसलं जातं. आणि दशावताराच्या कथेतलं खरं मर्म, म्हणजे संकटात भगवंत कुठलंही रूप घ्यायला कमीपणा मानत नाही, तेही हरवतं.

हल्ली प्रत्येक रीतीचं 'शास्त्रीय कारण' सांगायची पद्धत पडली आहे. तुळस चोवीस तास ऑक्सिजन सोडते, हा निरोप मला माझ्याच दिंडीतल्या बायकांकडून मोबाईलवर आला. तुळस माझ्या दारात आहे, तिची माळ माझ्या गळ्यात आहे, तरी मला सांगावंच लागतं: तुळस सूर्यप्रकाशातच ऑक्सिजन तयार करते आणि रात्री इतर झाडांसारखीच ऑक्सिजन घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडते. तिला पाणी घालण्यासाठी मला ऑक्सिजनचं निमित्त लागत नाही. माझ्या आईचा हात रोज सकाळी त्या वृंदावनावर फिरलेला आहे, एवढं पुरे.

या बाबतीत मला बेल्जियममधल्या एका कॅथलिक धर्मगुरूचं फार अप्रूप वाटतं. जॉर्ज लमेत्र त्यांचं नाव. १९२३ साली त्यांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली आणि १९२७ साली विश्व प्रसरण पावत असल्याचं गणिताने मांडलं. पुढे, सगळं विश्व एका 'आदिम अणू'तून सुरू झालं असावं, ही कल्पना त्यांनी पुढे ठेवली. आज आपण जिला महास्फोट म्हणतो तिचं ते मूळ. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी एका भाषणात, आधुनिक विज्ञान सृष्टीच्या निर्मितीला साक्ष देतं अशा अर्थाचं प्रतिपादन केलं. कुठलाही धर्मगुरू आनंदला असता. लमेत्र अस्वस्थ झाले. आपल्या सिद्धांताचा देवाच्या बाजूने पुरावा म्हणून वापर होऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. आज सिद्धांत टिकला आणि उद्या चुकला, तर त्याच्यासोबत देवालाही चुकीचं ठरवायचं का? २०१८ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने प्रसरणाच्या नियमाला हबलच्या जोडीने त्यांचंही नाव द्यावं, अशी शिफारस केली. आपले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर जन्मभर महास्फोटाच्या सिद्धांताशी वाद घालत राहिले. तो वाद आकाशातल्या निरीक्षणांवर आणि गणितावर चालला. लमेत्र पाद्री होते म्हणून नव्हे.

त्याच नारळीकरांनी पत्रिकेचीही परीक्षा घेतली. पुण्यात काही सहकाऱ्यांसोबत त्यांनी १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या जन्मवेळा जमवून पत्रिका मांडल्या आणि त्यांतल्या काही ज्योतिषांपुढे ठेवून, कुठली कुणाची ते ओळखा म्हटलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली, म्हणजे नाणं उडवून ठरवलं असतं तरी साधारण तेवढीच आली असती. माझ्या मुलीच्या लग्नात पत्रिका बघायची नाही असं मी ठरवलं, तेव्हा हा प्रयोग मला घरात सांगता आला. संतांनी कर्मकांडाला आणि मुहूर्ताला फार महत्त्व दिलं नव्हतं, हेही सांगता आलं. दुसऱ्याच मुद्द्याने सासूबाईंचं समाधान झालं, हे खरं.

२१ सप्टेंबर १९९५ चा गुरुवार. देशभर गणपती दूध पिऊ लागले होते. आमच्या गावातल्या देवळापुढे रांग लागली, वर्ग रिकामे झाले. मी पोरांना घेऊन देवळात गेले. चपला काढल्या, नमस्कार केला, आणि वाटीभर दुधात चिमूटभर कुंकू कालवलं. चमचा सोंडेला टेकवला. दुधाची पातळी खाली गेली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, "आता सोंडेच्या खाली बघा." लाल रेघ सोंडेवरून पोटावर, पोटावरून पायापाशी उतरली होती. दुधाच्या पृष्ठीय ताणामुळे चमच्यातलं दूध ओल्या दगडाला चिकटतं आणि पातळ थर होऊन अंगावरून ओघळतं. पांढऱ्या दुधाचा तो थर डोळ्याला दिसत नाही. मग देवळातल्याच पितळी समईला चमचा लावला. समईनेही दूध 'प्यायलं'.

मला भीती होती पुजारीकाकांची. त्यांनी ओल्या फडक्याने मूर्ती पुसली आणि म्हणाले, "बाई, मग उरलेलं दूध या पोरांनाच देऊ या." त्या दिवशी शाळेतल्या पोरांना देवळात दूध मिळालं. संध्याकाळी त्याच गणपतीच्या आरतीला मी उभी होते. माझ्या आरतीत काही कमी पडल्याचं मला जाणवलं नाही.

श्रद्धेच्या नावाने केलेल्या दाव्याची परीक्षा घ्यायलाच हवी, असं मी एवढ्या ठामपणे म्हणते, त्याचं एक कारण आमच्या महाडमध्येच आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबत हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली. त्यानंतर सनातन्यांनी १०८ घागरी पाणी काढून पंचगव्याने तळं 'शुद्ध' केलं. गुरं त्या तळ्यावर पाणी पीत होती, तेव्हा ते बाटलं नव्हतं. माणसाच्या स्पर्शाने पाणी अशुद्ध होतं, हा पाण्याविषयीचा दावा आहे. तो खोटा आहे, आणि तो खोटा आहे हे पाण्याचा थेंब तपासून दाखवता येतं. ते पाणी सर्वांसाठी खुलं असल्याचा उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं. माझ्या विठ्ठलाच्या देवळाचे दरवाजे दलितांना उघडायलाही १९४७ साली साने गुरुजींना प्राणांतिक उपोषणाला बसावं लागलं. चोखोबांची समाधी त्याच दारात असताना. मी वारकरी आहे म्हणून ही गोष्ट मला जास्त लागते.

पाण्यावरून आणखी एक आठवतं. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेत पटकीची साथ वारंवार यायची. गावोगाव मरीआईचे गाडे ओढले जायचे. पटकी कशाने होते हे तेव्हा युरोपातही कुणाला नीट माहीत नव्हतं. दुर्गंधीच्या हवेने होते, असा समज होता. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीने सहाशेहून अधिक माणसं गेली. डॉ. जॉन स्नो म्हणाले, दोष ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाच्या पाण्यात आहे. त्या वस्तीतल्या चर्चमध्ये हेन्री व्हाइटहेड नावाचा तरुण धर्मोपदेशक होता. त्याला स्नोंचं म्हणणं पटलं नाही. ते खोडून काढायचं म्हणून तो घरोघर फिरला. ही सगळी त्याचीच माणसं. आजाऱ्यांच्या उशाशी तो बसला होता, मेलेल्यांसाठी त्याने प्रार्थना म्हटली होती. कोण कुठलं पाणी प्यायलं, हे लोकांनी डॉक्टरला सांगितलं नसतं ते त्याला सांगितलं. आणि जितकी घरं झाली, तितकं त्याला कळत गेलं की स्नो बरोबर आहेत. पंपाशेजारच्याच घरात साथीच्या आधी एक तान्हं बाळ जुलाबाने आजारी पडलं होतं. त्याचे लंगोट धुतलेलं पाणी विहिरीलगतच्या शोषखड्ड्यात जात होतं, हा दुवा त्यानेच शोधला. त्याने आपली चूक उघड कबूल केली आणि तो स्नोंचा मित्र झाला. पुढे जन्मभर धर्मोपदेशकच राहिला.

वारीत माझ्या पिशवीत हरिपाठाच्या पुस्तकाशेजारी क्लोरीनच्या थेंबांची बाटली असते. चंद्रभागेचं पाणी मी डोळ्यांना लावते. पिते मात्र थेंब घातलेलं. माझ्यासोबतच्या बायकांनाही तेच पाजते.

आमचे गणिताचे सर नास्तिक. पस्तीस वर्षं आम्ही शिक्षकखोलीत शेजारी बसलो. ते म्हणायचे, "बाई, तुमचा विठ्ठल म्हणजे तुमच्या मनाचं समाधान आहे." मी म्हणायची, "असेल. मला ते खोडून काढता येत नाही." मीच त्यांना एकदा वाचलेलं सांगितलं, की बरीच माणसं मिळून गाऊ लागली की त्यांचे श्वास एका लयीत येतात, मन निवतं. त्या नवव्या रात्री आईच्या बाबतीत हेच घडलं असेल. कारण कळलं म्हणून त्या रात्रीचं मोल माझ्या लेखी उतरलं नाही. सर मान हलवायचे. त्यांना ते पटत नसे, आणि मला त्यांचं पुरतं पटत नसे. त्यांच्या डब्यातली भाजी माझ्या पोळीवर यायची.

२० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घालून मारलं. सर त्या दिवशी शाळेत आले आणि फळ्याकडे बघत नुसते बसून राहिले. दुसऱ्या दिवशीच्या निषेध फेरीत मी त्यांच्या शेजारून चालले, माळेसकट. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले होते. माझ्या संप्रदायातल्या काहींनी त्या मसुद्याला विरोध केला होता, वारी-कीर्तनावर बंदी येईल या भीतीने. हत्येनंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये कायदा झाला. मी तो मुळातून वाचला. भजन, कीर्तन, प्रवचन, यात्रा यांना त्यातून स्पष्टपणे वगळलेलं आहे. आणि त्याच्या अनुसूचीत एक कलम आहे: कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये.

ते कलम मी आबांना वाचून दाखवलं. ते तेव्हा नव्वदीला आलेले. त्यांनी वही मागून घेतली, उलटी केली, आणि मागच्या बाजूच्या नोंदींखाली थरथरत्या हाताने त्या दिवसाची तारीख घातली. दुसरं काही लिहिलं नाही.

वही आता माझ्याकडे आहे. कौलारू घरं कमी झाली, पण लाकडाच्या ओंडक्यांत, विटांच्या ढिगात, पेंढ्याच्या उडवीत लाल विंचू अजून आहे. मे महिन्यात हात घालण्याआधी काठीने ढोसून बघा. चावलाच, तर चिरा देऊ नका, घट्ट बांधू नका, कळ उतरायची वाट बघू नका. घाम, उलट्या, गार हात दिसले की तडक आरोग्य केंद्र गाठा. प्राझोसिनच्या गोळ्या तिथे असतात. वाटेत देवाचं नाव घ्या, मीही घेईन. गाडी मात्र कुठेही थांबवू नका.